शाळा सुटल्यावर पोरं जाणार कुठे?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे एक बाबा आहेत, चाळिशीतले. नोकरी बदलली म्हणून तीन महिन्यांत सगळ्यांना घेऊन दुसऱ्या शहरात जायचंय. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. बायको घरून काम करते आणि तिचं काम तिकडे गेल्यावरही तसंच चालू राहणार. यांनी पाच एरिया आणि १४ शाळांचा एक्सेल बनवलाय, प्रत्येक गोष्टीला मार्क दिलेत, आणि त्यात एक नामवंत शाळा पहिली आलीये. त्या शाळेच्या आसपास घरं बजेटबाहेर आहेत, त्यामुळे परवडणारं घर घेतलं तर बसने ५५ मिनिटं. बायकोला मात्र जुन्या वस्तीतला एक भाग आवडलाय, तिथली शाळा साधीच, पण पायी दहा मिनिटांवर. 'ती भावनिक विचार करते, मी डेटा बघतो' असं ते लिहितात. मुलीला विचारलं तर ती फक्त 'काहीही' म्हणते. भाडं म्हणजे पाण्यात पैसे, म्हणून जाताना घर विकतच घ्यायचं असं त्यांचं मत आहे. सध्या या विषयावर नवरा-बायकोचं बोलणंच बंद आहे. प्रश्न एकच: शाळा बघून घर घ्यायचं, की घर बघून शाळा?

नमस्कार,

पत्र वाचलं आणि सोबतचा एक्सेलही उघडून बघितला. बरं झालं तो जोडलात, नाहीतर मी भलतंच काहीतरी लिहून मोकळी झाले असते. मेहनत खरंच घेतलीये तुम्ही. निकाल, फी, मैदान, लॅब, किती मुलांमागे एक शिक्षक, बसचे पैसे, सगळं आहे. मी पाच मिनिटं नुसती वर-खाली स्क्रोल करत बसले आणि मग लक्षात आलं की यात शाळा सुटेपर्यंतचं सगळं आहे, शाळा सुटल्यानंतरचं काहीच नाहीये. तुमच्या शीटमध्ये पोरं अडीच वाजता गेटमधून बाहेर पडतात आणि एकदम दुसऱ्या दिवशी सकाळी परत दिसतात. मधले तास कुठे गेले?

तिकडे येतेच. आधी त्या मार्कांबद्दल बोलू.

शाळेच्या निकालाला तुम्ही ४० टक्के वेटेज दिलंय, घरापासूनच्या अंतराला १०. हे ४० आणि १० कुठून आले हो? तुम्हीच टाकले ना. मी गंमत म्हणून निकालाचे ४० चे २५ केले आणि ते १५ अंतराला दिले, तर तुमची एक नंबरची शाळा थेट चौथ्या नंबरवर गेली आणि वहिनींची ती 'साधी' शाळा दुसरी आली. म्हणजे एक्सेलने काही ठरवलेलं नाही, ठरवलं तुम्हीच, आणि एक्सेलला पुढे केलं. ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं झालं हे. तुमची आवड त्या मोठ्या शाळेकडे आहे तर तसं सरळ सांगा की, त्यात लाज कसली? पण मग 'मी डेटा बघतो' हे वाक्य मागे घ्यावं लागेल.

आणि निकाल म्हणजे तरी नेमकं काय मोजतोय आपण. जी शाळा प्रवेशालाच मुलं निवडून घेते, जिथे घरी शिकलेले आईबाप, वर क्लास, वर शांत खोली असलेली मुलं येतात, तिथला निकाल चांगला लागणारच, त्यात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती हे त्या टक्क्यांवरून कळत नाही. हे काही मी नवीन सांगत नाहीये. अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांचा एक भलामोठा सरकारी अहवाल आला होता, लाखो विद्यार्थ्यांची माहिती गोळा करून केलेला, आणि त्यात लोकांना धक्का बसला तो याचाच, की मुलांच्या मार्कांमधला फरक शाळेच्या इमारतीने, लॅबने, खर्चाने जेवढा समजतो त्यापेक्षा घरच्या परिस्थितीने जास्त समजतो. शाळेने काहीच फरक पडत नाही असा याचा अर्थ लावू नका, चांगल्या शिक्षकाने खूप पडतो. पण तो शिक्षक निकालाच्या कॉलममध्ये दिसत नाही, वर्गात जाऊन बघावा लागतो. तुमच्या घरात दोन शिकलेली माणसं आहेत, पुस्तकं आहेत, मुलीच्या अभ्यासाची काळजी करत रात्री एक वाजता शीट भरणारा बाप आहे. त्या निकालातला बराचसा भाग तुम्ही सामानाच्या टेम्पोतून बरोबरच घेऊन चाललाय.

आता ते गायब झालेले तास.

बस सकाळी ६:३५ ला. म्हणजे उठायचं पावणेसहाला, तेही सगळं आदल्या रात्री तयार असेल तर. झोपेच्या डॉक्टरांच्या अमेरिकन संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे ६ ते १२ वयाच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते आणि १३ ते १८ च्या मुलांना ८ ते १०. म्हणजे तुमच्या मुलाला कमीत कमी ९ तास मिळायचे तर त्याला पावणेनऊला गाढ झोपलेलं असायला पाहिजे, नुसतं अंथरुणात पडलेलं नाही. आणि तुम्ही लिहिलंय की नव्या ऑफिसातून घरी पोचायला तुम्हाला आठ वाजतील. म्हणजे तुम्ही दारात बूट काढताय आणि पोरगं डोळे चोळत 'बाबा गुड नाईट' म्हणतंय. रोज. १३ वर्षांच्या मुलीचं तर अजून अवघड, कारण त्या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, लवकर झोप म्हटलं तरी झोप येत नाही, आणि मग आपण म्हणतो मोबाईलमुळे. थोडं मोबाईलमुळेही असतं म्हणा.

५५ मिनिटं जाताना, ५५ येताना. शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाला ३६६ तास होतात, म्हणजे पंधरा दिवस आणि पंधरा रात्री सलग बसमध्ये. हा आकडा शीटमध्ये टाका, मग बोलू.

यात माझाही एक हिशेब आहे, सांगूनच टाकते. माझी मुलगी आठ वर्षांची असताना आम्ही असंच एक नावाजलेली शाळा बघून घर बदललं होतं. शाळा वाईट नव्हती, उगाच कशाला नावं ठेवू. पण ती रोज बसमधून उतरायची तेव्हा डाव्या गालावर खिडकीच्या रबराची लांब रेघ उमटलेली असायची, झोपून यायची ना काचेला टेकून. घरी आली की तासभर चिडचिड, मग होमवर्क, मग अंधार. सहा-सात महिन्यांनी वाढदिवसाला कोणाकोणाला बोलवायचं विचारलं तर तिने पहिलं नाव घेतलं बसच्या ड्रायव्हर काकांचं. मैत्रिणी होत्या की वर्गात, पण एक शहराच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला, शनिवारी भेटायचं तर दोन्हीकडच्या आईबापांनी गाड्या काढायच्या. आणि आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना ती ओळखतच नव्हती, कारण ती खाली खेळत असायची तेव्हा ही बसमध्ये. दोन वर्षांनी आम्ही शाळा बदलली. रेघ गेली, मार्क साधारण तेवढेच राहिले.

मैत्रीला वेळ लागतो हो, अक्षरशः तास लागतात. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात त्यांनी नुकतंच गाव बदललेल्या मोठ्या माणसांना आणि कॉलेजात नवीन आलेल्या मुलांना विचारलं की नव्या ओळखींबरोबर किती वेळ घालवला. साधी ओळख जरा दोस्तीकडे झुकायला साधारण ५० तास, मित्र म्हणण्याइतकं व्हायला ९०, आणि जिवाभावाचं व्हायला २०० च्या वर. लहान मुलांचं गणित वेगळं असेल, ती दहा मिनिटांत गळ्यात गळे घालतात आणि अकराव्या मिनिटाला कट्टी. पण वहिनींचं, म्हणजे तुमच्या बायकोचं, गणित हेच आहे. नव्या शहरात, घरातल्या लॅपटॉपसमोर बसून, ती हे २०० तास कोणाबरोबर आणि कुठे घालवणार? तुम्हाला ऑफिसात माणसं आपोआप मिळतील. तिला मिळणार ती गेटवर, कोपऱ्यावर, शाळेतून पोराला घेऊन येताना. ती वस्ती तिला आवडली तर ती 'भावनिक' झाली असं तुम्ही लिहिलंत, आणि खरं सांगायचं तर पत्रातलं मला खटकलेलं हे एकच वाक्य.

कारण बघा ना. सकाळी अकराला शाळेतून फोन येतो, ताप आलाय, घेऊन जा. कोण जाणार? घरी कोण आहे? ५५ मिनिटं जायचं आणि ५५ यायचं, मधली मीटिंग कॅन्सल. पालकसभा दुपारी बाराला असते. प्रोजेक्टचा चार्ट घरी विसरला. बस चुकली. हे सगळं कोणाच्या अंगावर येणार हे घरात दोघांनाही माहितीये, फक्त एकाने ते शीटमध्ये लिहिलेलं नाही. तिच्याकडेही डेटाच आहे, तेरा वर्षांचा आहे, फक्त तो एक्सेलमध्ये नाहीये. तेव्हा भांडण शाळेवरून चाललंय असं वाटत असलं तरी मला नाही वाटत ते शाळेवरून आहे. तिला बहुतेक एवढंच ऐकायचंय की शाळेनंतरचे तास कोणाचे, हे तुम्ही विचारात घेतलंय.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. मी असते तर आधी वस्ती बघितली असती, मग त्या वस्तीतल्या शाळांमधली त्यातल्या त्यात बरी. सर्वोत्तम नाही, बरी. 'बरी' म्हणजे काय ते खाली सांगते.

पण त्याआधी एक प्रयोग सांगते, कारण तुम्हाला आकडे आवडतात आणि याचे आकडे खरंच विचार करायला लावणारे आहेत. अमेरिकेत १९९४ ते १९९८ मध्ये 'मूव्हिंग टू अपॉर्च्युनिटी' नावाचा सरकारी प्रयोग झाला. पाच मोठ्या शहरांत, अतिशय गरीब वस्तीतल्या सरकारी घरांत राहणारी साधारण ४,६०० कुटुंबं घेतली आणि चक्क लॉटरी काढून काहींना कमी गरिबीच्या भागात भाड्याने राहायला जाण्यासाठी व्हाउचर दिली. काही वर्षांनी तपासलं तर मुलांच्या परीक्षेच्या मार्कांत म्हणावा असा फरक नाही. लोक म्हणाले, झालं, प्रयोग फसला. मग राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्याच मुलांचं मोठेपणीचं उत्पन्न काढून बघितलं, तर १३ वर्षांच्या आत असताना व्हाउचर घेऊन हललेली मुलं विशीच्या मध्यावर तशाच बाकी मुलांपेक्षा सरासरी ३१ टक्के जास्त कमवत होती. मार्क तेच, आयुष्य वेगळं! आणि ज्या मुलांना १३ नंतर हलवलं त्यांना फायदा दिसला नाही, उलट किंचित तोटाच झाल्यासारखं दिसलं.

हे जसंच्या तसं तुमच्या घराला लावू नका, ती माणसं फार वाईट परिस्थितीतून निघाली होती आणि तुमच्या यादीतले पाचही एरिया चांगलेच आहेत. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, आजूबाजूची माणसं आणि गल्ली मुलाला जे देते ते मार्कशीटवर उमटेलच असं नाही. दुसरी जरा टोचणारी: तुमचा मुलगा ६ चा आणि मुलगी १३ ची, म्हणजे एकाच हलण्याचा अर्थ दोघांसाठी एक नाही. मुलासाठी हे नवीन गाव म्हणजेच त्याचं गाव होणार, त्याला जुनं धड आठवणारही नाही. मुलीला तुम्ही तिच्या गावातून उचलताय.

आता वस्ती बघायची म्हणजे काय बघायचं. रविवारी सकाळी ब्रोकरबरोबर गाडीतून चक्कर मारणं म्हणजे देखल्या देवा दंडवत. रविवारी सकाळी सगळेच एरिया शांत आणि हिरवे दिसतात, दुरून डोंगर साजरे. कामाच्या दिवशी, शाळा सुटायच्या वेळेला जा आणि कोपऱ्यावर अर्धा तास नुसते उभे राहा. पोरं दिसतात का रस्त्यावर, मोठ्यांशिवाय? सायकलवर, चालत, टंगळमंगळ करत? की सगळी गाड्यांच्या काचांमागे? मला विचाराल तर या एका दृश्याला मी शंभरपैकी साठ मार्क देईन (हो, मीही वेटेज मनानेच टाकतेय, पण निदान सांगून टाकतेय). आठ-नऊ वर्षांची पोरं एकटी फिरताना दिसली की समजायचं तिथल्या आईबापांचा त्या रस्त्यावर विश्वास आहे, आणि तो विश्वास उगाच बसत नाही.

रस्त्यावरची वाहनं मोजा. हसू नका, खरंच मोजा, दहा मिनिटं. १९६० च्या दशकाच्या शेवटी डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या माणसाने सॅन फ्रान्सिस्कोत एकमेकांसारख्या तीन गल्ल्यांचा अभ्यास केला, फरक फक्त रहदारीचा. दिवसाला २,००० गाड्या जाणाऱ्या गल्लीत माणसांना गल्लीतच सरासरी तीन मित्र होते, १६,००० गाड्यांच्या गल्लीत एकसुद्धा पूर्ण नाही, ०.९. शिवाय कमी रहदारीच्या गल्लीतले लोक अख्ख्या गल्लीला आपलं म्हणत होते आणि जास्त रहदारीवाले फारतर आपल्या इमारतीला. तुमच्या त्या नव्या कॉम्प्लेक्सच्या गेटबाहेर सहा पदरी रस्ता आहे असं तुम्हीच लिहिलंय, आणि ते कनेक्टिव्हिटीच्या कॉलममध्ये दहापैकी नऊ मार्कांसकट लिहिलंय! गाडीसाठी नऊ ठीक आहे. सहा वर्षांच्या पोरासाठी तो रस्ता म्हणजे नदी आहे, पलीकडचं सगळं असून नसल्यासारखं.

रात्री साडेदहा-अकराला परत जा, शक्य असेल तर त्या घरातच बेडरूमची खिडकी उघडून पाच मिनिटं गप्प उभे राहा. शाळेतही हेच करा, वर्गात उभं राहून ऐका. न्यूयॉर्कमध्ये एक शाळा उंचावरून जाणाऱ्या रेल्वेला लागून होती, आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की रुळांच्या बाजूच्या वर्गातली मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडतायत, वरच्या वर्गांत तर जवळपास वर्षभराने. शाळा तीच, अभ्यास तोच. पुढे रुळांखाली रबराचे पॅड बसवले, वर्गांच्या छताला आवाज शोषणाऱ्या टाइल लावल्या आणि परत तपासलं तर फरक गेलेला. आता सांगा, 'आवाज' हा कॉलम तुमच्या शीटमध्ये आहे का? स्मार्ट बोर्डचा आहे.

आणि ते दहा मिनिटांचं अंतर. नकाशावर दहा मिनिटं म्हणजे तुमची दहा मिनिटं. मुलाला बरोबर घेऊन, पाठीवर भरलेलं दप्तर देऊन, शाळेच्या वेळेलाच चालत जाऊन बघा, वीस-बावीस लागतील. तरी चालेल, पण माहीत असू द्या. वाटेत किती ठिकाणी त्याचा हात धरावा लागला तेही मोजा. शून्य किंवा एक असेल तर तो अजून दोन-तीन वर्षांत एकटा जाईल, आणि त्या दिवशी तुमच्या बायकोला रोजचा जवळपास तास परत मिळेल.

शाळेबद्दल. ऑफिसातल्या ट्रॉफ्या बघू नका, मुलांचं टॉयलेट बघा, शाळा भरलेली असताना, मधल्या सुट्टीनंतर. पाहुण्यांचं नाही, मुलांचं. जी शाळा ते नीट ठेवते ती मुलांना माणूस समजते, एवढं माझं मत पक्कं आहे. दुसरं म्हणजे कुठल्याही वर्गातली चार वह्या बघायला मागा, टॉपरची नको, मधलीच कुठलीतरी. नुसत्या लाल टिकमार्क आणि तारखा आहेत की शिक्षकाने काही लिहिलंय? मुलाने परत दुरुस्त केलंय? आणि दोन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? आणि एखादं मूल गणितात मागे पडलं की नेमकं काय करता, शेवटचं असं मूल कोण होतं, नाव नको, पण काय केलं ते सांगा. दुसऱ्या प्रश्नाला जर 'आमच्याकडे तशी मुलं नसतातच' असं उत्तर आलं तर हसून नमस्कार करा आणि निघा. ज्या बाई किंवा सर 'अहो काय सांगू, एक मुलगा होता' असं म्हणून पाच मिनिटं बोलत बसतात, ती बरी शाळा. मगाशी म्हटलं ना 'बरी' म्हणजे काय ते सांगते, ती ही.

लांबची शाळा कधीच घेऊ नये असं मात्र मी म्हणणार नाही. मुलाला शिकण्यात काही खास अडचण असेल आणि त्यासाठीचा शिक्षक फक्त तिथेच असेल, किंवा मोठ्या मुलाला एखाद्या खेळाचं, संगीताचं खरंखुरं वेड असेल आणि ते दुसरीकडे मिळत नसेल, तर प्रवास सोसण्यासारखा असतो. पण ते मुलाकडे बघून ठरतं. तुमच्या पत्रात शाळेचं वर्णन दीड पानाचं आहे आणि मुलांचं दोन ओळींचं. दोघांना एकाच शाळेत घालायलाच हवं असंही नाही, सहा आणि तेरामध्ये सात वर्षांचं अंतर आहे, ती एका वेळी एकाच शाळेत असून तरी किती वर्षं असणार.

घर विकत घ्यायचं म्हणताय त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष नको. भाडं पाण्यात जातं असं वाटतं, पण चुकीच्या ठिकाणी विकत घेतलेलं घर विकायला जाल तेव्हा कळतं खरं पाणी किती खोल असतं. एक वर्ष भाड्याने राहिलात की कुठल्या कोपऱ्यावर पाणी तुंबतं, कुठला रस्ता साडेआठनंतर हलत नाही, शाळेचे बोललेले शब्द आणि वागणं जुळतं का, हे सगळं फुकटात कळतं, आणि मुख्य म्हणजे घरात चौघांपैकी कोणीही 'मला नाही आवडलं' असं म्हणू शकतं. विकत घेतलेल्या घरात ते वाक्य कोणी बोलत नाही, सगळे गप्प बसतात. फक्त एक करा, भाड्याचं घर त्याच भागात घ्या जिथे पुढे राहायचा विचार आहे, म्हणजे वर्षाने मुलांची शाळा परत बदलायला नको. आणि दाखले, मागच्या वर्षांच्या मार्कशीटा, लसीकरणाचं कार्ड, मुलीच्या दोन्ही वर्षांच्या पुस्तकांची अनुक्रमणिका यांचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. अनुक्रमणिका अशासाठी की नव्या शाळेत कुठले धडे झालेत आणि कुठले राहिलेत हे एका संध्याकाळी जुळवून बघता येतं, विशेषतः गणिताचे, नाहीतर मार्चमध्ये कळतं की बीजगणिताचा एक अख्खा धडा दोन शाळांच्या मधल्या फटीत पडला.

राहता राहिली तुमची मुलगी आणि तिचं 'काहीही'.

तुम्ही ते 'तिची काही हरकत नाही' असं वाचलंय. मला ते वेगळं ऐकू येतं. तेरा वर्षांच्या माणसाला जेव्हा कळतं की खरा निर्णय, म्हणजे जायचं की नाही हा, आपल्याला न विचारता झालेला आहे आणि आता आपल्याला फक्त रंग निवडायला सांगतायत, तेव्हा ते 'काहीही' म्हणतं. तुम्ही लिहिलंय ती अबोल आहे, तिला दोनच मैत्रिणी आहेत पण पक्क्या. ओइशी आणि शिमॅक यांनी २०१० मध्ये सात हजारांवर अमेरिकन प्रौढांची माहिती बघितली होती, त्यात लहानपणी पुन्हापुन्हा घरं बदललेल्या माणसांपैकी बोलक्या स्वभावाच्यांना फारसा फरक पडलेला नव्हता, अबोल माणसं मात्र मोठेपणी कमी समाधानी होती. तुमचं हे एकच हलणं आहे, घाबरून जाऊ नका. पण 'पोरं काय, कुठेही रुळतात' हे जे आपण सहज म्हणतो ना, ते सगळ्या पोरांना लागू नाही, आणि तुमच्याकडे एक लागू होणारं आहे आणि एक न होणारं.

तिला समोर बसवून परत 'सांग, कुठली शाळा' असं विचारू नका, तिसऱ्यांदाही 'काहीही'च मिळेल. गाडी चालवताना किंवा कपाट आवरताना विचारा, जेव्हा डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. शाळा विचारूच नका. 'तिथे गेल्यावर कुठली एक गोष्ट अजिबात बदलायला नको' असं विचारा. चित्रकलेचा क्लास असेल, स्वतःची खोली असेल, रात्री मैत्रिणीशी फोनवर बोलायचा अर्धा तास असेल. जे सांगेल ते लिहून घ्या आणि ते खरंच सांभाळा, गैरसोय झाली तरी. आणि घर बघायला जाल त्या फेरीत तिला घेऊन जा, तिच्या वर्गाच्या एखाद्या मुलीशी दहा मिनिटं एकटीला बोलू द्या, तुम्ही लांब उभे राहा. तुम्हाला मुख्याध्यापकांकडून तासाभरात कळणार नाही ते तिला त्या दहा मिनिटांत कळेल.

हलायची वेळ हातात असेल तर शाळा सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी पोचा. सुट्टीच्या सुरुवातीलाच गेलात तर दीड-दोन महिने ओळखीचं कोणी नाही आणि बाहेर ऊन, पोरं कंटाळून जुन्या घराच्या आठवणी काढत बसतात. अगदी आदल्या दिवशी पोचलात तर खोक्यांमधून युनिफॉर्मचे मोजे शोधत पहिला दिवस जातो, ते वेगळंच.

आता आज संध्याकाळी काय करायचं ते सांगते. ती शीट उघडा, उजवीकडे एक नवीन कॉलम टाका, 'अडीच ते आठ', आणि लॅपटॉप बायकोकडे सरकवा. म्हणावं, हा तू भर. ती भरत असताना मध्ये बोलू नका, मार्क किती दिले विचारू नका, वेटेज तर अजिबात सुचवू नका. पाण्याचा ग्लास आणून द्या हवं तर. आणि मुलीच्या त्या दोन मैत्रिणींच्या आईबापांना फोन करून पहिल्या मोठ्या सुट्टीत त्यांना तुमच्या नव्या घरी राहायला पाठवायची तारीख आत्ताच ठरवून टाका, घर कुठलं ते अजून माहीत नसलं तरी.